मृदेचे भारी-धातू प्रदूषण : मुंबई उपनगरे

कारखाने, धातूंच्या भट्ट्या, विद्युत् विलेपनाच्या कर्मशाळा, कचराभूमी व वाहने यांतून बाहेर पडणारे शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा, निकेल, तांबे, जस्त इ. धातू मृदेत साचत जातात. त्यांचे प्रमाण नैसर्गिक प्रमाणापेक्षा वाढून वनस्पती, प्राणी व माणूस यांना अपाय होण्याचा संभव निर्माण झाला, म्हणजे त्या अवस्थेस मृदेचे भारी-धातू प्रदूषण म्हणतात. ज्या धातूंची घनता दर घन सेंमी.ला सु. ५ ग्रॅमपेक्षा अधिक असते त्यांना सामान्यपणे भारी धातू म्हणतात. आर्सेनिक (सोमलाचे मूलद्रव्य) हे काटेकोरपणे धातू नसले, तरी त्याच्या विषारीपणामुळे त्याचा समावेश याच गटात करतात. जस्त व तांबे हे शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक असतात. शिसे, कॅडमियम व पारा यांचा मात्र शरीराला कोणताही उपयोग असल्याचे आढळलेले नाही.

हवेतील धूर वाऱ्याने विरतो आणि नदीतील घाण पुराने वाहून जाते. मृदेतील धातूंच्या बाबतीत असे घडत नाही. सेंद्रिय द्रव्यांचे सूक्ष्मजीवांकडून अपघटन होते, धातूंचे होत नाही. त्यांचे केवळ रासायनिक रूप बदलते. म्हणून एखाद्या जागेवरील कारखाना बंद पडून तेथे दुसरी वस्ती उभी राहिली, तरी जमिनीत त्या कारखान्याची खूण कित्येक दशके राहू शकते. मुंबईच्या उपनगरांत गेल्या सु. शंभर वर्षांत कारखाने आले, वाढले व बरेचसे निघूनही गेले. यामुळे या प्रश्नाच्या अभ्यासाच्या दृष्टीने हा प्रदेश विशेष महत्त्वाचा ठरतो. अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. ९३.५७ लक्ष होती.

भूमी व तिचे नैसर्गिक धातू : उपनगरांचा बहुतेक भाग पूर्वीच्या साष्टी बेटाचा असून त्याचा पाया दक्षिणी सोपानाश्माच्या (डेक्कन ट्रॅपच्या) बेसाल्टाचा आहे. टेकड्यांवर या खडकापासून झालेली तांबूस, पातळ मृदा आढळते. खाडीकाठी खारी, चिकट चिखलमाती आहे. या दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यात मुरूम, राडारोडा, राख व कचरा टाकून तयार केलेली भरणीची जमीन फार मोठी आहे. बेसाल्टात तांबे, क्रोमियम, निकेल, कोबाल्ट व व्हॅनेडियम यांचे प्रमाण ग्रॅनाइटापेक्षा मुळातच अधिक असते. म्हणून या मृदेत क्रोमियम वा तांबे आढळले, की ते कारखान्यातूनच आले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्यासाठी शेजारच्या अबाधित जमिनीशी तुलना करावी लागते. शिसे व कॅडमियम यांची गोष्ट निराळी आहे. बेसाल्टात ते अत्यल्प असल्याने उपनगरांच्या मातीत शिशाचे प्रमाण मोठे आढळले, तर ते जवळजवळ सर्वस्वी मानवी व्यवहारांतून आले, असे मानता येते.

धातू मातीत किती घट्ट धरून ठेवला जातो, हे मातीची अम्लता, तिच्यातील चिकणमाती, सेंद्रिय द्रव्य व लोहाची ऑक्साइडे यांवर अवलंबून असते. शिसे वरच्या काही सेंमी. जाडीच्या थरात अडकून राहते. मुले ज्या मातीत खेळतात व वाऱ्याने जी धूळ उडते तो हाच थर होय. कॅडमियम अधिक चंचल असून अम्लधर्मी मातीतून ते मुळांवाटे पालेभाज्यांत सहज शिरते. क्रोमियमाचे त्रिसंयुजी रूप फारसे विद्राव्य व विषारी नसते, तर षट्‌संयुजी रूप पाण्यात सहज विरघळते व कर्ककारक असते. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळे धातू सल्फाइडांच्या रूपात बांधले जातात. तोच चिखल उपसून उघड्यावर टाकल्यास ऑक्सिडीभवन होऊन ते पुन्हा मोकळे होऊ शकतात. वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस, तोही प्रामुख्याने चार महिन्यांत पडत असल्याने उपनगरांतील धातूंचा प्रवास ऋतूनुसार बदलतो. उन्हाळ्यात त्यांचा प्रवास धुळीवाटे होतो व पावसाळ्यात नाल्यांच्या पाण्यावाटे.

औद्योगिक वाढीचा इतिहास : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली व तिच्यापाठोपाठ साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याने दुसरा लोहमार्ग आला. तरीही पुढील कित्येक दशके साष्टीचे स्वरूप भातखाचरे, मिठागरे, ताडामाडाच्या वाड्या व कोळीवाडे यांचे राहिले. त्याला कुर्ल्याचा काहीसा अपवाद होता. तेथील कापडगिरणी जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्ये विकत घेऊन तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. शहरात जे नकोसे वाटे ते उपनगरात न्यावे, ही प्रवृत्तीही जुनीच आहे. शहराचा कचरा देवनारच्या खाजणात टाकण्यास १९२७ मध्ये आरंभ झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या प्रदेशाचे रूप पालटू लागले. कुर्ल्यास मोटारींचा कारखाना निघाला, विक्रोळीस गोदरेज समूहाने विस्तीर्ण जागा घेऊन उद्योगनगर वसविले आणि आग्रा रस्त्याच्या (पुढील लाल बहादूर शास्त्री मार्ग) दोन्ही बाजूंना कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत अभियांत्रिकी, अलोह धातू, रंग, औषधे, रबर व विजेची उपकरणे यांचे कारखाने उभे राहिले. कुर्ल्यास तांब्याच्या नळ्या व भांडुपला अलोह मिश्रधातू यांची निर्मिती होऊ लागली. पश्चिमेकडे कांदिवलीस वाहने व ट्रॅक्टर यांचा उद्योग वाढला. शहरातील दाटी कमी करण्यासाठी उद्योग व वस्ती यांचा विस्तार उत्तरेकडे व्हावा, असा विचार ना. वि. मोडक व ॲल्बर्ट मेयर यांनी १९४८ साली तयार केलेल्या बृहन्मुंबईच्या आराखड्यात मांडला होता. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत नेण्यात आली.

तुर्भे-चेंबूर भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने (१९५४ व १९५५), औष्णिक वीज केंद्र (१९५६) व खत कारखाना (१९६५) हे जड उद्योग थोड्या वर्षांत एकमेकांशेजारी आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. अंधेरीतील मरोळची औद्योगिक वसाहत आणि ठाणे खाडीपलीकडील ठाणे-बेलापूर पट्टा यांची वाढ त्यानंतरची आहे. मरोळजवळ निर्यातीसाठीचे इलेक्ट्रॉनिकी उद्योगक्षेत्र (सीप्झ) १९७३ मध्ये स्थापन झाले.

मोठ्या कारखान्यांभोवती लहान कर्मशाळांचे जाळे विणले गेले आणि धातु-प्रदूषणाच्या इतिहासात ते मोठ्या कारखान्यांइतकेच महत्त्वाचे आहे. साकीनाका, कुर्ला, घाटकोपर व जोगेश्वरी येथील गाळ्यांतून निकेल-क्रोमची झिलई, जस्त-कॅडमियमचे मुलामे, पितळेचे ओतकाम, झाळकाम, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणे, रसायनांची रिकामी पिंपे धुणे व भंगार वेगळे करणे ही कामे चालत आली. मोठ्या कारखान्याला धुराडे असते, परवाना असतो व सांडपाण्याचे निश्चित मुख असते. लहान गाळ्यातील विलेपनाच्या टाकीतले पाणी मात्र दारापुढच्या गटारात जाते. पुष्कळदा गाळा व बिऱ्हाड यांमध्ये केवळ एक पोटमाळा असतो, त्यामुळे कामगाराच्या कपड्यांवरची धूळ व घरातील धूळ एकच होते.

धातूंचे मार्ग : उपनगरांच्या मृदेत धातू प्रामुख्याने पाच मार्गांनी आले. (१) भट्ट्यांची धुराडी व रंगकाम यांतून हवेत गेलेले कण खाली बसून. (२) सांडपाणी नाल्यांवाटे सखल जमिनीत पसरून. (३) कारखान्यांची राख, मळी, विलेपनाचा साका व भंगार यांचा भरणीसाठी उपयोग होऊन. (४) शहराच्या कचऱ्यातील बॅटऱ्या, रंग, विद्युत् उपकरणे इत्यादींमधून. (५) मोटारींच्या पेट्रोलातून.

यांपैकी पाचवा मार्ग कारखान्यांशी थेट संबंधित नसला, तरी शिशाच्या दृष्टीने तो फार मोठा होता. इंजिनातील ठोका टाळण्यासाठी पेट्रोलात शिशाचे टेट्राएथिल संयुग मिसळण्याची प्रथा अमेरिकेत १९२३ पासून सुरू झाली व ती जगभर पसरली. भारतात चार महानगरांमध्ये शिशाचे प्रमाण कमी केलेले पेट्रोल १९९४ पासून मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलाचीच विक्री सुरू झाली. त्यानंतर हवेतील शिसे झपाट्याने घटले. मात्र आग्रा रस्ता, घोडबंदर रस्ता व अंधेरी-कुर्ला रस्ता यांच्या कडेच्या मातीत तोवर बसलेले शिसे या निर्णयाने नाहीसे झाले नाही. हवा सुधारते तेव्हा माती लगेच सुधारत नाही, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

खाडी व नद्या : या प्रदेशात धातूंकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम वेधले ते पाण्याच्या बाजूने. दाहक सोडा तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे विद्युत् घट वापरीत व त्यांतील थोडा पारा सांडपाण्याबरोबर बाहेर जाई. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील म. द. झिंगडे व भा. ना. देसाई यांनी ठाणे खाडीतील पाऱ्याविषयीचे आपले संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील काळात दाहक सोड्याच्या उद्योगाने पाऱ्याच्या घटांऐवजी पटल-घटांची पद्धत स्वीकारली. तथापि खाडीच्या गाळाचे जुने थर त्या काळाची नोंद बाळगून आहेत. माहुल, तुर्भे व खाडीच्या वरच्या भागातील कोळी कुटुंबे निवट्या, चिंबोऱ्या, शिंपले व बोय यांवर उपजीविका करीत आली. चिखलात राहणारे व चिखल गाळून अन्न मिळविणारे हे जीव गाळातील धातू आपल्या शरीरात साठवितात, त्यामुळे खाडीचे प्रदूषण थेट या कुटुंबांच्या ताटात येते.

विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून उगम पावणारी मिठी नदी सु. १८ किमी. वाहत साकीनाका, कुर्ला, कलिना, वाकोला यांमधून माहीमच्या खाडीस मिळते. तिच्या काठच्या भंगार, पिंपे, तेल व विलेपन यांच्या कर्मशाळांमुळे तिच्या गाळात शिसे, क्रोमियम, तांबे, जस्त इ. धातू साचल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. दहिसर, पोयसर व ओशिवरा या पश्चिम उपनगरांतील नद्यांचीही अवस्था थोड्याफार फरकाने अशीच झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून मिठीचे पाणी कुर्ला, कलिना व साकीनाका येथील घरांत शिरले. त्या वेळी लेप्टोस्पायरोसिसादी रोगांची चर्चा पुष्कळ झाली. घराघरांत बसलेल्या गाळाबरोबर नदीच्या तळचे धातूही आत आले, याकडे फारसे लक्ष गेले नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन होऊन पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. उपसलेला गाळ कोठे टाकला जातो, हा प्रश्न यामुळेच आरोग्याचाही ठरतो.

पूर्वी नियंत्रणाअभावी खाडीत जाणारे धातू ठाणे-बेलापूर पट्ट्यात जमिनीवरही साचले होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या अ. के. कृष्णा व प. क. गोविल यांनी तेथील मृदेची पाहणी करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत तांबे, क्रोमियम, कोबाल्ट, निकेल व जस्त यांची वाढ दाखवून देण्यात आली असून काही नमुन्यांत क्रोमियमाचे प्रमाण दर किग्रॅ.ला सु. १,००० मिग्रॅ.पर्यंत पोहोचले होते. बेसाल्टी मृदेतील स्वाभाविक क्रोमियम लक्षात घेऊनही हे प्रमाण मोठेच म्हटले पाहिजे.

कचराभूमी : देवनार, मुलुंड, गोराई (बोरिवली) व मालाडची चिंचोली बंदर ही उपनगरांतील प्रमुख कचरा टाकण्याची ठिकाणे होत. घरातील कचरा व उद्योगांतील कचरा वेगळा करण्याची पद्धत दीर्घकाळ नव्हती, त्यामुळे बॅटऱ्या, दिव्यांच्या नळ्या, रंगाचे डबे व धातूंचा साका हे सर्व एकत्र गाडले गेले. या ढिगांतून पावसाळ्यात झिरपणारे काळे, आंबूस पाणी धातू विरघळवून खाडीकडे नेते. चिंचोली बंदरची कचराभूमी बंद झाल्यावर तेथे व शेजारी व्यापारी संकुले उभी राहिली. पुढे काही कचेऱ्यांतील संगणकांचे तांबे-चांदीचे भाग जमिनीतून येणाऱ्या वायूंमुळे गंजून निकामी होऊ लागले. गाडलेला कचरा संपत नाही, याचा हा बोलका पुरावा होय. गोराईची कचराभूमी २००७ मध्ये बंद करून शास्त्रीय पद्धतीने झाकण्यात आली. सु. पन्नास वर्षे वापरात असलेली मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली. देवनारला २०१६ च्या आरंभी मोठ्या आगी लागून धूर दूरवर पसरला. गोवंडी-मानखुर्द येथील कचरा वेचणाऱ्या कुटुंबांना हा धूर, धूळ व मातीशी येणारा हातांचा संबंध रोजचाच आहे.

आरोग्यावरील परिणाम : मातीतील धातू शरीरात जाण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. ते म्हणजे धूळ श्वासावाटे जाणे, माती हातातोंडावाटे पोटात जाणे आणि दूषित जमिनीवर किंवा पाण्यावर वाढलेले अन्न खाणे. यांपैकी दुसरा मार्ग लहान मुलांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा असतो. रांगणारे मूल हात तोंडात घालते व काहींना माती खाण्याची सवयही असते. प्रौढ व्यक्ती पोटात गेलेल्या शिशापैकी सु. दहावा हिस्सा शोषून घेते, तर लहान मूल चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत शोषून घेऊ शकते. शरीरात लोहाची उणीव असल्यास हे शोषण आणखी वाढते. पांडुरोग (रक्तक्षय) आपल्याकडील बालकांत व गर्भवतींत फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे एकाच अंगणातील धूळ सुपोषित मुलापेक्षा कुपोषित मुलाला अधिक बाधते.

शिशाची तीव्र विषबाधा कामगारांमध्ये फार पूर्वीपासून ठाऊक होती. पोटशूळ, बद्धकोष्ठ, फिकेपणा, हिरड्यांवर निळसर रेषा व मनगट लुळे पडणे ही तिची लक्षणे होत. भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात ती व्यावसायिक रोग म्हणून समाविष्ट झाली आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा व क्रोमियमाचे व्रण ही अधिसूचनीय ठरविली. म्हणजे असा रोगी आढळल्यास डॉक्टराने कारखाना-निरीक्षकाकडे कळविणे बंधनकारक झाले. परंतु या तरतुदी कारखान्याच्या भिंतीपर्यंतच पोहोचतात. भिंतीपलीकडच्या चाळीतील मूल त्यांच्या कक्षेत येत नाही आणि नोंदणी नसलेल्या गाळ्यातील कामगारही बहुधा येत नाही.

बालकांच्या बाबतीत ‘सुरक्षित’ मानलेली शिशाची पातळी ज्ञानाबरोबर सतत खाली येत गेली. अमेरिकेतील आरोग्य यंत्रणेने रक्ताच्या दर डेसिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅम ही १९६० च्या सुमाराची मर्यादा १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ व २०२१ मध्ये ३.५ अशी उतरविली. कोणतीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. अल्प पातळीवर बाह्य लक्षणे दिसत नाहीत. बुद्धीची वाढ खुंटणे, लक्ष न लागणे व वर्तनातील बिघाड हे परिणाम वर्षांनंतर शाळेत प्रकट होतात आणि तेव्हा त्यांचे मूळ मातीत असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मुंबईपुरता या विषयाचा एक महत्त्वाचा पुरावा दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (१९९८-९९) मिळाला. त्या वेळी मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील बालकांच्या रक्तातील शिसे मोजण्यात आले. या १,०८१ बालकांविषयी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार ७६ टक्के बालकांमध्ये शिशाची पातळी दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान होती. हे मापन शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद होण्यापूर्वीचे असून त्यातील शिसे केवळ मातीचे वा केवळ कारखान्यांचे नव्हते. भिंतींचे रंग, काही सौंदर्यप्रसाधने, भेसळीचे मसाले व धातूची भांडी यांतूनही शिसे शरीरात जाते. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही मुंबईची हवा, अन्न व रक्त यांतील शिसे, कॅडमियम, तांबे व जस्त यांची मोजमापे १९८० नंतरच्या काळात वेळोवेळी केली आहेत.

कॅडमियम मूत्रपिंडात साठते व तेथे दहा ते तीस वर्षे टिकते. त्यामुळे मूत्रपिंडाचे कार्य बिघडून हाडांतील कॅल्शियम कमी होते. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ खाऊन झालेला ‘इताई-इताई’ हा अत्यंत वेदनामय अस्थिरोग याचे प्रसिद्ध उदाहरण असून जपान शासनाने १९६८ मध्ये त्याचे कारण मान्य केले. षट्‌संयुजी क्रोमियमामुळे विलेपन-कामगारांच्या त्वचेवर व्रण पडतात, नाकाच्या पडद्यास भोक पडते व फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. निकेलामुळे त्वचाशोथ होतो. पाऱ्याचे सेंद्रिय रूप माशांवाटे शरीरात जाऊन तंत्रिका तंत्र बिघडविते, हे मिनामाता (१९५६) येथील घटनेने जगाला कळले.

लोहमार्गांलगतच्या भाज्या : अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेखाली रेल्वेची रुळांलगतची मोकळी जमीन कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी देण्यात येऊ लागली. उपनगरी लोहमार्गांच्या कडेला पालक, माठ, मुळा, भेंडी यांचे हिरवे पट्टे प्रवाशांच्या परिचयाचे झाले. या मळ्यांना पुष्कळदा शेजारच्या नाल्याचे पाणी मिळे आणि तोच नाला वरच्या बाजूस कर्मशाळांचे पाणी वाहून आणी. पालेभाज्या कॅडमियम व शिसे तुलनेने अधिक घेतात. पानांवर बसलेली धूळ धुण्याने बरीचशी जाते, परंतु ऊतकांत शिरलेले धातू धुऊन वा शिजवून जात नाहीत. अशी भाजी ताजी व स्वस्त म्हणून घेतली जाते. त्यामुळे पोषणासाठी आणलेल्या पदार्थातूनच अपाय होण्याची शक्यता निर्माण होते.

कायदे व नियंत्रण : महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदा १९७४ चा आहे, म्हणजे या बाबतीत महाराष्ट्र आघाडीवर होता. त्यानंतर हवा प्रदूषण (१९८१) व पर्यावरण संरक्षण (१९८६) हे कायदे आणि १९८९ मध्ये घातक अपशिष्टांविषयीचे नियम आले. त्याच वर्षी देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांची जी यादी करण्यात आली, तीत चेंबूरचा समावेश होता. बॅटऱ्यांविषयीचे नियम २००१ मध्ये, विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी कचऱ्याविषयीचे २०११ मध्ये व घरगुती रंगांतील शिशावर ९० दशलक्षांश अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले. घातक अपशिष्टांची शास्त्रीय विल्हेवाट लावण्याची सोय तळोजे येथे करण्यात आली.

या कायद्यांच्या नावांकडे पाहिल्यास पाणी, हवा व अपशिष्ट या तिन्हींचा उल्लेख आढळतो, मृदेचा आढळत नाही. मृदा ही प्रदूषण होण्याची वस्तू न मानता प्रदूषण जिरविण्याची जागा मानली गेली. इतर देशांतही हा विचार संकटानंतरच बदलला. अमेरिकेत लव्ह कॅनाल (१९७८) येथे रसायने पुरलेल्या जागेवरील वस्ती हलवावी लागली, तेव्हा १९८० मध्ये दूषित स्थळांच्या सफाईचा कायदा झाला. नेदरलँड्समधील लेकरकर्क गावी रंगाच्या व इतर कारखान्यांच्या कचऱ्याची भरणी करून बांधलेली सु. २७० घरे १९८० मध्ये रिकामी करण्यात आली व १९८३ मध्ये तेथे मृदा-शुद्धीकरणाचा कायदा आला. भारतात दूषित स्थळे निश्चित करणे, त्यांची तपासणी, सफाई व त्या खर्चाची जबाबदारी यांविषयीचे स्वतंत्र नियम केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले.

उद्योगोत्तर काळ : बृहन्मुंबईत नव्या मोठ्या उद्योगांवर १९७० नंतरच्या दशकात निर्बंध आले. पुढे जमिनीचे वाढते मोल, कामगार-तंटे व यंत्रसामग्रीचे जुनेपण यांमुळे कारखाने बंद पडू लागले वा अन्यत्र गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने औद्योगिक जमिनीचा निवासी वा व्यापारी उपयोग करण्यास काही अटींवर वाट करून दिली. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, अंधेरी व कांदिवली येथे धुराड्यांच्या जागी निवासी मनोरे, रुग्णालये, शाळा व व्यापारसंकुले आली. इमारत बांधण्यापूर्वी जमिनीची तपासणी होते, ती मुख्यतः पाया किती भार सोसेल हे पाहण्यासाठी. मातीत कोणता धातू आहे हे त्या तपासणीत पाहिले जात नाही. खोदलेली माती ट्रकांतून दुसरीकडे भरणीसाठी जाते आणि अशा रीतीने एका कारखान्याचा वारसा अनेक ठिकाणी वाटला जातो.

काँक्रीट व फरशी यांच्याखाली झाकलेल्या मातीचा धोका बराच कमी होतो, हे खरे. म्हणून मनोऱ्यातील रहिवाशांपेक्षा मातीच्या अंगणात खेळणारी, भंगार फोडणारी व खाडीत हात घालणारी कुटुंबेच अधिक धोक्यात असतात. देवनार कचराभूमीची सु. १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. अशा जमिनीवर वस्ती वसविण्यापूर्वी तिची कसून तपासणी व सफाई होणे, हा या सर्व इतिहासाचा पहिला धडा ठरतो.

उपाय : दूषित मातीवर अनेक उपाय उपलब्ध आहेत. वरचा थर काढून सुरक्षित ठिकाणी पुरणे, स्वच्छ मातीचा जाड थर घालणे, चुना वा फॉस्फेटे मिसळून धातूंना अविद्राव्य रूपात बांधणे, मोहरीवर्गीय व अन्य वनस्पतींकडून ते शोषून घेणे आणि माती धुऊन काढणे हे त्यांपैकी प्रमुख होत. पहिले दोन उपाय खात्रीचे पण खर्चिक असतात. वनस्पतींचा उपाय स्वस्त असला, तरी त्यास अनेक वर्षे लागतात आणि धातू साठलेल्या त्या वनस्पतींचीही विल्हेवाट काळजीपूर्वक लावावी लागते. घरगुती पातळीवर ओल्या फडक्याने फरशी पुसणे, जेवणापूर्वी मुलांचे हात धुणे, कामाचे कपडे वेगळे धुणे व लोह-कॅल्शियमयुक्त आहार देणे या साध्या गोष्टींनी शिशाचे शोषण कमी होण्यास मदत होऊ शकते.

तथापि सर्व उपायांच्या आधी लागते ती नोंद. कोणत्या भूखंडावर कोणता उद्योग किती वर्षे होता, तेथे कोणते धातू वापरात होते व त्याचा साका कोठे टाकला गेला, ही माहिती जुने परवाने, महानगरपालिकेचे नकाशे व निवृत्त कामगारांच्या आठवणी यांत विखुरलेली आहे. कारखान्याची पाटी उतरली की दप्तरही नाहीसे होते आणि ज्यांनी तेथे काम केले ती पिढीही आता वृद्ध झाली आहे. ही माहिती वेळीच एकत्र करून नकाशावर मांडल्यास कोठे माती तपासावी व कोठे मुलांचे रक्त तपासावे, हे ठरविणे सोपे जाईल. तसे न झाल्यास उपनगरांच्या औद्योगिक इतिहासाची एक नोंद केवळ मृदेत व तेथील माणसांच्या हाडांत राहील.